फड्यांची तारीख

आमच्या दुकानात कॉम्प्युटर आला त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. तसा काही नियम नव्हता. पण शेठजी स्वतः चंद्रपूरहून आले होते, नारळ फुटला होता, आणि मशीनवर अजून प्लॅस्टिकचं आवरण होतं. आपण चिखलाच्या पायांनी आत जावं हे चाचांना बरोबर वाटलं नसावं.

शेठजींची अशी चार दुकानं होती. मोठं चंद्रपूरला, मग राजुऱ्याला, गडचिरोलीला, आणि सगळ्यात लहान आमचं आरमोरीचं. चारही ठिकाणी हिरवी पाटी आणि आत लोखंडी मांडण्या. गिऱ्हाइकाने आत जावं, हवी ती वस्तू आपल्या हाताने उचलावी, अशी पद्धत. दोन हजार सालानंतरची ही दोन-चार वर्षं. सुरुवातीला बाया दारातच उभ्या राहून साखर मागायच्या, आत यायला लाजायच्या, असं चाचा सांगत. चाचा म्हणजे आमच्या दुकानाचे मॅनेजर. त्यांचं घराणं मूळचं आरमोरीतलं, वडिलांचं कापड शिवायचं दुकान होतं. त्यांना शिलाईत रस नव्हता, माणसांत होता.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. वडील धानाच्या गिरणीत पोती शिवायचे, आई रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायची. मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मला हे काम मिळालं. दुपारी कॉलेज सुटलं की एक ते सहा दुकानात. कोर्समध्ये मला एवढंच कळलं होतं की घाबरून चुकीची कळ दाबली तरी मशीन फुटत नाही. पण ते कळलं होतं, विश्वास बसला नव्हता.

पहिले काही दिवस लोक मशीन बघायलाच यायचे. साबणाच्या वेष्टणावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड धरला की टुक्‌ असा आवाज व्हायचा आणि पडद्यावर नाव उमटायचं. एक म्हातारा गिऱ्हाईक रोज बिडीबंडल घ्यायला यायचा. त्याने एकदा आपला हातच त्या उजेडाखाली धरला.

"मायी किंमत किती सांगते पाय बरं तुयी मशीन."

मशीन गप्प राहिली. चाचा काउंटरवरून म्हणाले, "तुमच्या रेघा मिटल्या ना भाऊ, ते तरी का करन?"

"मिटल्या नाई, पिकल्या," म्हातारा म्हणाला, आणि बिडीबंडल घेऊन हसत गेला.

अडचण अशी होती की आमच्या दुकानातल्या बऱ्याच वस्तूंवर रेघा नव्हत्या. खडे मीठ पोत्यातून जायचं. लाखोळीची डाळ, जवस, गावात कुटलेले पोहे, आणि फडे. झाडूला आमच्याकडे फडा म्हणतात. लक्ष्मीपूजनाला लागते ती शिंदीची केरसुणी वेगळी. हा फडा डोंगरावरच्या गवताच्या फुलोऱ्याचा, मऊ, घर झाडायचा. पण आमच्या भागात त्याची खरी गरज धान कापून झाल्यावर. खळ्यावर चुरणं सुरू झालं, म्हणजे मळणी, की सांडलेला दाणान्‌दाणा गोळा करायला तोच लागतो. प्लॅस्टिकच्या झाडूने दाणे उडतात. गवताच्या फड्याने ते सरकत येतात. एरवी आमच्या दुकानात न येणाऱ्या बायाही त्या दिवसांत फड्यासाठी यायच्या.

हे फडे एक बाई आणायची. आरमोरीच्या पूर्वेला, जिथे एस.टी. दिवसातून दोनदाच जायची, अशा जंगलातल्या गावची. तिची भाषा गोंडी, आमच्याशी बोलायची आमच्यासारखंच, पण एकेक शब्द जरा तोलून. वयाने माझ्या आईपेक्षा मोठी. मी तिला बाई म्हणायची, ती मला पोरी म्हणायची. वर्षातून एकदा ती बसच्या टपावर गठ्ठे टाकून यायची. तिच्यासारख्या तिच्या गावातल्या चार-पाच घरांचे फडे मिळून ते गठ्ठे असायचे. मूठ बांबूच्या पातळ सालीने इतकी घट्ट बांधलेली की फडा झिजून बोटभर उरला तरी मूठ सुटायची नाही.

चंद्रपूरहून आम्हाला शिकवायला एक सर आले होते. तरुण, घाईचे, पण वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर ज्या वस्तूला नंबर नाही ती वस्तू दुकानात विकायची नाही. ज्यांना रेघा नाहीत त्यांना नंबर आपण द्यायचा, चिठ्ठी छापून चिकटवायची. त्यासाठी प्रत्येक माल देणाऱ्याचा एक फॉर्म मशीनमध्ये भरायचा. नाव, गाव, वस्तू, किती नग, आणि माल येण्याची तारीख. तारखेनंतर पंधरा दिवसांत माल आला नाही, तर मशीन त्या माणसाचा नंबर आपोआप बंद करते आणि त्याच्या जागी चंद्रपूरहून दुसरा माल पाठवला जातो.

"समजलं?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली. खरं तर मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पण त्यांची बस होती.

दिवाळीच्या आधी ती बाई मीठ आणि तेल घ्यायला आली. फडे नव्हतेच, ते दिवस नव्हते. मी तिला स्टुलावर बसवलं आणि फॉर्म उघडला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, साठ फडे म्हणाली. मग मी विचारलं, "बाई, कधी आणता?"

"पंडुम झाला का आणतो."

पंडुम म्हणजे त्यांच्या गावचा सण. डोंगरावरची नवी वस्तू, फळ असो की गवत, गावाने मिळून देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोडायची नाही, कापायची नाही. हे चाचांनी मला आधी सांगितलं होतं.

"पंडुम कधी हाय?"

"गायता सांगन." गायता म्हणजे गावाच्या देवाचं बघणारा वडीलधारा.

"तो कधी सांगन?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "त्याले समजन तवा."

चाचा हसले. "बेटी, तू तो कलेक्टर जैसा पूछ रही. मागच्या वर्षी चुरण्याच्या तोंडावर आणले होते यायनं."

पडद्यावर तारखेच्या चौकोनात एक छोटी रेघ उघडझाप करत होती. ती रेघ मला अजून दिसते.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी पुढे जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. आमच्या घरात फॉर्म भरणारी मी एकटीच होते. आठवीत माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण एक रकाना मी कोरा सोडला होता. नंतर वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी दोनदा सायकलने तहसील कचेरीत गेले आणि दोन्ही वेळा खिडकीतल्या माणसाने कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण भरणार?" वडील माझ्या मागे टोपी हातात घेऊन उभे होते. तेव्हापासून मी ठरवलं होतं की कागदावर कोरी जागा सोडायची नाही. काही नसेल तर 'लागू नाही' लिहायचं, पण लिहायचं. मैत्रिणींचे फॉर्मही मी असेच भरून द्यायची, आणि माझे फॉर्म कधी परत येत नसत, याचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

त्या चौकोनात 'लागू नाही' बसत नव्हतं. तो फक्त आकडे घ्यायचा. मी मागच्या वर्षीच्या अंदाजाने पंधरा डिसेंबर टाकलं.

"का लिवलं?" बाईने विचारलं.

"तारीख. पंधरा डिसेंबर."

"कोणाले इचारून?"

मी हसण्यावारी नेलं. "असंच बाई, मशीनले लागते."

तिने मिठाची पिशवी डोक्यावर घेतली आणि ती गेली.

डिसेंबर लागला. धान कापून झालं होतं, खळी सारवली जात होती. बाया येऊन विचारू लागल्या, "फडे आले काजी?" आम्ही सांगायचो, येतील. पंधरा तारीख गेली. पडद्यावर बाईच्या नावाची ओळ पिवळी झाली. मी रोज दुकानात आल्याबरोबर आधी ती ओळ बघायची.

मग तिच्या गावाकडचा एक माणूस मीठ घ्यायला आला. त्याच्याकडून कळलं की गावात एक म्हातारी वारली, तिचं सगळं झाल्याशिवाय पंडुम होणार नाही, पुढच्या महिन्यावर गेला. डोंगरावर गवत उभं होतं, पांढरं झालं होतं, पण कोणी विळा लावला नव्हता.

चाचा म्हणाले, "फोन लाव चंद्रपूरले. सांग सरांना, तारीख बदलवा म्हणा."

मी फोन लावला. सरांचा आवाज आला, मागे दोन माणसं मोठ्याने बोलत होती. "हां, बोला, आरमोरी."

माझ्या मनात वाक्य तयार होतं. सर, तारीख मी अंदाजाने टाकली होती. एवढंच. पण तोंडातून निघालं, "सर, प्रिंटरची रिबन संपत आली."

"पाठवतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

चाचा माझ्याकडे बघत होते. "रिबन?"

मी म्हटलं, "उद्या लावते परत." उद्या लावला नाही. परवा दुकानाला सुट्टी होती. त्यानंतर माझी परीक्षा होती. ही सगळी कारणं खरी होती, तरी आज वाटतं की मी ती गोळा करत होते. मी चुकले हे सांगायचं म्हणजे, मला हे काम येत नाही असं सांगणं, असं मला वाटत होतं. आणि मला येत नाही हे कळलं तर शेठजी दुसरी कुणी शिकलेल्या घरातली मुलगी बघतील.

परीक्षा संपवून गेले तेव्हा ओळ लाल झाली होती. दोन दिवसांनी चंद्रपूरच्या गाडीतून खोक्यांमध्ये झाडू आले. प्लॅस्टिकची निळी मूठ, प्रत्येकावर रेघा. ते मशीनसमोर धरले की टुक्‌ वाजायचं.

बाई आली ती जानेवारीत, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला. मी दुकानातच होते. बसस्टँडवरून तिने आणि तिच्या सुनेने गठ्ठे डोक्यावरून आणले आणि दारात उतरवले. वाळल्या गवताचा वास आत आला. मी उठून उभी राहिले, पण पुढे गेले नाही.

बाईने आधी मांडणीतला निळा झाडू बघितला. हातात घेऊन उलटा केला, जमिनीवर दोनदा फिरवला. खाली बारीक काड्या पडल्या.

"हा त झाडून नाई राह्यला," ती सुनेला म्हणाली, "कचरा पाडून राह्यला."

सून तोंडाला पदर लावून हसली. चाचाही हसले, पण लगेच थांबले.

"बाई," मी म्हटलं, "तुमचा नंबर बंद झाला."

"कसा नंबर?"

मी सांगितलं. तारीख, पंधरा दिवस, लाल ओळ. मला वाटलं होतं ती चिडेल. ती हिशेबाने ऐकत होती, एकेक बोट मुडपत. शेवटी म्हणाली, "पंडुम आमचा. तारीख तुयी. मंग उशीर कोणाले झाला?"

चाचा काउंटरवरचं फडकं घडी करत राहिले. त्यांनी मध्ये पडून माझी बाजू घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी घेतली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"मले झाला," मी म्हटलं. "मले माहीत नव्हतं आन्‌ मी लिहून देल्लं."

मग मी त्या दोघींच्या समोरच फोन लावला. या वेळी सर बोलायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, इतक्या भरभर की त्यांना मला थांबवावं लागलं.

"एक मिनिट. तुम्हाला तारीख माहीतच नव्हती?"

"नाही सर."

"मग टाकली कशाला?"

"सर, रकाना कोरा ठेवायचा नसतो ना."

सर म्हणाले, "कोण म्हणालं? कोरा सोडला असता तर मशीनने काहीच केलं नसतं. माल येईल तेव्हा घेतला असता. हंगामी माल आहे तो. राजुऱ्यातल्या बांबूच्या टोपल्यांना आम्ही तारीख टाकलेलीच नाही."

मी विचारलं, आता उघडता येईल का. ते म्हणाले, एकदा बंद झालेला नंबर मार्च संपल्याशिवाय उघडत नाही, ते त्यांच्याही हातात नाही. आवाज रागाचा नव्हता. शेवटी म्हणाले, "पहिल्याच दिवशी विचारायचं होतं ना ताई." त्यांनी मला ताई म्हटलं हे मला फार लागलं. वयाने ते माझ्याएवढेच असतील.

फोन ठेवला. बाईला सगळं कळलंच होतं. ती गठ्ठा उचलायला वाकली.

"कुठी चालल्या?" चाचांनी विचारलं.

"बाजारात. कुठी जागा भेटते त पायतो."

"आता बाजार अर्धा झाला, जागा कोण देते?" चाचा काउंटरच्या बाहेर आले आणि दुकानाची पुढची पायरी फडक्याने पुसू लागले. "दुकानात इकायचं नाई म्हन्ते मशीन. पायरी काय मशीनमध्ये नाई घातली अजून. बसा."

बाई आणि सून पायरीवर बसल्या. मी आत मशीनपाशी बसले. दारातून त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि मध्येच एखादा फडा हवेत झटकलेला. आत येणाऱ्या बाया तिथेच थांबत, मुठी दाबून बघत. ज्यांना ठाऊक होतं त्या दोन-दोन उचलत. पण बऱ्याच जणी म्हणत, आमचं चुरणं होऊन गेलं, पुढच्या वर्षी घेऊ. ते ऐकलं की मी मान खाली घालायची. शेवटची बस साडेपाचला होती. पाचला बाईने उरलेले फडे परत बांधले. दोन गठ्ठे उरले होते. मी एक गठ्ठा बसपर्यंत पोचवते म्हटलं. तिने नको म्हटलं नाही.

वाटेत ती पुढे, सून मध्ये, मी मागे. माझ्या डोक्याला सवय नव्हती, गठ्ठा सारखा एका बाजूला कलत होता. बाईने मागे वळून बघितलं.

"कॉलेजात हे नाई शिकवत का?"

"नाई."

"मान सीधी ठेव. पायाकडे पाहू नको. पाय आपआपला चालते."

बसमध्ये बसल्यावर तिने खिडकीतून एक फडा मला दिला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "तुया मायले दे. तुले नाई देऊन राह्यली." आई तो फडा पुढे तीन वर्षं वापरत होती.

एप्रिल लागल्यावर मी तिचा फॉर्म परत उघडला. कॉलेजला सुट्टी होती, दुपारचं ऊन होतं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नाव भरलं, गाव भरलं, साठ नग भरले. तारखेच्या चौकोनात ती रेघ उघडझाप करत होती. मी कीबोर्डवरून हात उचलला. हे लिहायला साधं वाटतं, पण मी बराच वेळ तशीच बसले होते. चाचांनी मागून येऊन बघितलं आणि ते परत काउंटरवर गेले. मग मी ती जागा सोडून पुढची कळ दाबली. मशीनने काही विचारलं नाही. ओळ हिरवी झाली.

त्या वर्षी फडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. खळी अजून चालू होती. बाई एकटीच आली होती, सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी प्रत्येक फड्याच्या मुठीवर छापलेली चिठ्ठी चिकटवत होते आणि ती शेजारी बसून, चिठ्ठी सालीच्या गाठीवर येऊ नये म्हणून बोट ठेवून जागा दाखवत होती. तीस-चाळीस झाल्यावर तिने विचारलं, "औंदा तारीख लिवली होती का?"

"नाई बाई. कोरी ठेवली."

"मंग मशीन का म्हणे?"

"काई नाई. थांबली."

तिने मान हलवली, पुढचा फडा माझ्याकडे सरकवला आणि चाचांना विचारलं की खडे मीठ नवं आलं का जुनंच आहे.